एकतीस मे, अकरा चाळीस

टेबलावर अकरा कागद होते. लामिसीने ते घरांच्या क्रमाने लावले, कडा जुळवल्या आणि पुन्हा मोजले. अकराच. प्रत्येक कागद एका विहिरीचा. वर घरमालकाचं नाव, खाली बाटलीचा क्रमांक, पाण्याचं तापमान, नमुना भरल्याची तारीख आणि वेळ. सगळ्यात खाली, बाटली ज्या ज्या हातांतून गेली त्या प्रत्येक हाताची सही. ऑफिसात याला ताबापत्रक म्हणत. दहा कागदांवर पहिली सही डी. के. अशी होती. अकराव्यावर एल. ए.

एल. ए. म्हणजे ती स्वतः, लामिसी अयाम्गा.

सकाळी प्रयोगशाळेतून आकडे आले होते. ती ते एकेका कागदाशी ताडून यादीत उतरवत होती. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे दहा मिलिग्रॅम. पहिली विहीर १०.६. दुसरी ११.८. तिसरी, हार्मनची, १२.३. खाली खाली जात ती ब्रॉयल्सच्या विहिरीपाशी आली. २३.६. तिने छापील आकड्याखाली बोट ठेवून तो पुन्हा वाचला, मग बाटलीचा क्रमांक ताडून पाहिला. क्रमांक बरोबर होता.

"सगळ्यात वाईट कुठली?" व्हर्नाने दारातूनच विचारलं. व्हर्ना श्लूटर काउंटीच्या आरोग्य विभागात पाणी तपासणीचं काम बघायची. आयोवात मका पेरणाऱ्या शेतांच्या मधोमध जितक्या उथळ विहिरी होत्या, तितक्या तिला घरांच्या नावांनिशी पाठ होत्या.

"ब्रॉयल्स. तेवीस पॉइंट सहा."

"त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे ना?"

"पाच महिन्यांचं."

"म्हणजे यादीत पहिलं नाव त्यांचंच." व्हर्ना खुर्ची ओढून बसली. काउंटी दोन वर्षं उथळ विहिरींच्या जागी खोल बोअर पाडून देत होती. योजना यंदा बंद होणार होती, आणि एकतीस मे रोजी किंवा त्याआधी नमुना घेतलेल्या विहिरीच शेवटच्या यादीत धरणार होते. व्हर्नाने कागद पुढे ओढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचता वाचता थांबली.

"हे एल. ए. तू आहेस?"

"हो."

"तारीख एकतीस मे आहे."

"हो."

"तुझं परवानगीपत्र तीन जूनपासूनचं."

परवानगीपत्र तिच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात होतं. विद्यापीठाने दिलेला कागद, आणि त्याच्या दुसऱ्या पानावर दोन ओळी: कॅम्पसबाहेर काम करायची मुभा, मालकाचं नाव, आठवड्याचे तास, तीन जून ते सोळा ऑगस्ट. परदेशी विद्यार्थ्याने त्या दोन तारखांच्या अलीकडे किंवा पलीकडे काम केलं तर ते बिनपरवाना. गेले दहा दिवस ती त्या दोन ओळींच्या आधारावर रोज सकाळी आठ वाजता या ऑफिसात येत होती.

एकतीस मे शुक्रवार होता. गुरुवारी व्हर्नानेच फोन केला होता. सोमवारपासून यायचंच आहे, तर उद्या डेलबरोबर एक चक्कर मार, रस्ते बघून घे, नुसतं बघायला. लामिसी नुसतं बघायलाच गेली होती. पण सव्वाअकरापर्यंत नऊच विहिरी झाल्या होत्या आणि बाटल्या न्यायला प्रयोगशाळेची गाडी बरोबर बाराला चौकात येणार होती. डेल हार्मनच्या फाटकाशी गाडी थांबवून म्हणाला होता, "समोरचं ब्रॉयल्सचं घर तू कर. येतं ना?"

येत होतं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तिने असे दोनशेवर नमुने भरले होते. तिने हातमोजे चढवले, नळ सोडला, तापमान स्थिर व्हायची वाट पाहिली, बाटली गळ्यापर्यंत भरली, झाकण लावलं, वेळ लिहिली. आणि बाटली भरणाऱ्याने सही करायची असते म्हणून सही केली. न शिकलेल्या माणसाने ती जागा कोरी सोडली असती.

डेल क्रुल कॉफीचा मग घेऊन आत आला. व्हर्नाने कागद त्याच्यापुढे सरकवला.

"डेल, यावर तुझी सही टाक. हिची एका रेघेने खोड आणि बाजूला तुझी कर."

डेलने कागद हाताच्या अंतरावर धरून वाचला. "अकरा चाळीसला मी हार्मनच्या गोठ्यामागे होतो. त्याच्या कागदावर मीच लिहून ठेवलंय."

"मग इथे अकरा पंचावन्न कर."

"व्हर्ना, एकतीस वर्षं झाली मला इथे. बायको आणते त्या वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा मी वाचल्याशिवाय सही करत नाही. मी न भरलेल्या बाटलीवर कुठून करू?"

"तूच तिला पाठवलंस."

"पाठवलं. ते लिहून देतो. कुठे लिहायचं ते सांग."

"बरोबर आहे डेलकाकांचं," लामिसी म्हणाली. बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण बोललो. दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"हिला कोणीतरी सांगा," डेल मगात बघत म्हणाला, "माझ्या सख्ख्या पुतण्यासुद्धा मला डेल म्हणतात. ही आल्यापासून मी दहा वर्षांनी म्हातारा झालोय."

व्हर्नाने खणातून एक कोरा कागद काढला आणि लामिसीसमोर ठेवला. नमुना बाद केल्याचा फॉर्म.

"कारण लिहायची सक्ती नाही. बाद म्हणजे बाद. एकतीस तारखेला तू कुठे होतीस हे मग कोणी विचारत नाही. सोमवारी बाराच्या आत यादी जायला हवी."

"बाद केला तर?"

"तर यादीत दहाच घरं जातील."

"पुन्हा नमुना घेतला तर?"

"घेऊ की. तारीख जूनची पडेल." व्हर्नाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शुक्रवारी ये म्हणून मी सांगितलं होतं. मला आठवतंय ते."

दुपारी लामिसी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेली. तिथली सल्लागार मार्सी हिने तिची फाइल दोन वर्षं सांभाळली होती. खोलीत सात कुंड्या होत्या, सगळ्या शिकून परत गेलेल्या मुलांनी ठेवून दिलेल्या. मार्सी एकीला पाणी घालत होती.

"मला एक विचारायचं होतं. एकतीस मेला मी–"

"थांब." मार्सीने झारी खाली ठेवली. "तू विचारतेयस की सांगतेयस?"

लामिसीने बॅगेकडे गेलेला हात मागे घेतला.

"'समजा' लाव. 'समजा' लावून विचार."

"समजा, एखाद्या विद्यार्थ्याने परवानगी सुरू व्हायच्या तीन दिवस आधी काम केलं."

"पगार घेऊन?"

"फुकट. पंचवीस मिनिटं."

"समजाला मिनिटं नसतात, लामिसी." मार्सी खुर्चीत बसली आणि पेनचं टोपण लावून पुन्हा काढलं. "ज्या कामाचे नंतर पैसे मिळणार तेच काम आधी फुकट केलं, तर ते कामच धरतात. आणि मला कळलं तर मला नोंद करावी लागते. करावी की नाही हे माझ्या हातात नाही. कळणं किंवा न कळणं, एवढंच काय ते माझ्या हातात आहे."

"नोंद झाली की?"

"त्या विद्यार्थ्याचं इथलं राहणं संपतं. थोडे दिवस मिळतात सामान आवरायला. पुन्हा दाखल करून घ्या म्हणून अर्ज करायची एक वाट आहे, पण बिनपरवाना काम केलेल्याला ती बंद."

"वेळ पंचवीस मिनिटं असली तरी."

मार्सीने पेन खाली ठेवलं. "तुझं किती राहिलंय?"

"एक सेमिस्टर. प्रबंधाची दोन प्रकरणं."

"बरं." मार्सी उठून दारापर्यंत आली. "तू आज सहज आली होतीस. कुंड्या बघायला."

संध्याकाळी घरी क्वाबेना टोमॅटोचं सूप ढवळत होता. घर चौघांचं होतं, पण स्वयंपाकघर बहुतेक वेळा त्याचंच असायचं. तो कुमासीचा, घानाच्या दक्षिणेतला, पीएच.डी.च्या सहाव्या वर्षात. व्हिसाचे नियम त्याला कलमांसकट पाठ होते. लामिसी घानाच्या अगदी उत्तरेची, बोंगोची. तिला चिडवायची एकही संधी तो सोडत नसे.

तिने सगळं सांगितलं. तो ऐकताना ढवळायचा थांबला नाही.

"बाटली भरताना कोणी बघितलं?"

"घरातल्या बाईने."

"तिने काय बघितलं? एक काळी मुलगी हातमोजे घालून नळाशी उभी होती. एवढंच. काम डेलने केलं."

"आणि सही?"

"सही हा तुझा आजार आहे. बोंगोच्या माणसाला पेन देऊ नये. तू जेवून उठल्यावर खरकट्या ताटावर सही करतेस की नाही, ते मी आज बघणारच आहे."

"क्वाबेना."

"बाद कर तो कागद. कोणी खोटं बोलत नाही, कोणी पकडलं जात नाही. यादीतून एक ओळ कमी होते."

"खोल बोअर त्यांच्या आवाक्यातली नाही."

"आणि तुझ्या आवाक्यात काय आहे?" त्याने गॅस बारीक केला. मग वेगळ्या आवाजात म्हणाला, "तुला आक्राच्या विमानतळावर पोचवायला बस भरून माणसं आली होती, तूच सांगितलंस मला. चौदा तासांच्या रस्त्याने. आईला काय सांगणार आहेस? पंचवीस मिनिटं?"

लामिसीने ताटं काढली. तो वाढत असताना तिने चमचे मांडले, पाण्याचा जग भरला, जग खाली ठेवून पुन्हा उचलला आणि होता तिथेच ठेवला.

विहिरीचं पाणी मर्यादेपलीकडचं निघालं की चोवीस तासांच्या आत त्या घरी जाऊन तोंडी सांगायचं, असा काउंटीचा नियम होता. शुक्रवारी सकाळी डेल आणि लामिसी ब्रॉयल्सकडे पोचले. टेस ब्रॉयल्सने बाळाला कमरेवर घेऊनच दार उघडलं. नवरा धान्याच्या कोठारावर कामाला गेला होता. टेस पंचविशीची असेल. तिने लामिसीला लगेच ओळखलं.

"त्या दिवशी तूच आली होतीस ना? या, कॉफी आत्ताच केलीय."

"कॉफी नको," डेल म्हणाला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

लामिसीने आकडा सांगितला. मर्यादा किती, तुमच्याकडे किती, मोठ्या माणसांना काय आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला काय. मक्याला घातलेलं खत पावसाबरोबर झिरपतं, उथळ विहिरीत उतरतं, बाळाच्या रक्तातला प्राणवायू त्याने कमी होऊ शकतो. ती सावकाश बोलत होती, पण तिचं लक्ष शेगडीकडे होतं. शेगडीवर मोठं पातेलं होतं, त्यावर वाफ होती, आणि शेजारी दुधाच्या पावडरचा डबा.

"पण मी उकळते," टेस म्हणाली. "चांगली दहा मिनिटं. माझी आई म्हणाली, विहिरीचं पाणी आहे, बाळाला उकळूनच दे. गेल्या महिन्यापासून पंधरा मिनिटं उकळते."

डेलने लामिसीकडे पाहिलं.

"उकळल्याने जंतू मरतात," लामिसी म्हणाली. "नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन उडतं आणि नायट्रेट मागे राहतं. जितकं जास्त उकळाल तितकं ते दाट होतं."

टेस उठली आणि तिने शेगडी बंद केली. ती पाठमोरीच उभी राहिली. बाळ तिच्या खांद्यावरून लामिसीकडे बघत होतं.

"म्हणजे मीच त्याला..."

"तुम्ही चांगलं समजूनच करत होतात."

"पाणी स्वच्छ आहे पण. वास नाही, काही नाही. गोड लागतं."

लामिसीचा हात नेहमीप्रमाणे ओठांवर गेला होता. बोलताना तो तिथेच असायचा, इथल्या दोन वर्षांत कोणीच त्याबद्दल काही विचारलं नव्हतं. तिने हात खाली घेतला.

"आमच्या गावचं पाणीही गोड होतं," ती म्हणाली आणि ओठ मागे घेऊन दाखवले. पुढचे चार दात तपकिरी होते, त्यांच्यावर आडव्या रेघा आणि बारीक खड्डे. "हे पाण्याने झालं. त्यात दुसरं द्रव्य होतं, फ्लोराइड. पण दिसायला असंच, काचेसारखं. मी सात वर्षांची होईपर्यंत ते कोणी मोजलंच नाही."

टेसने दात पाहिले आणि नजर वळवली नाही. मग ती बाळाला घेऊन खिडकीशी गेली आणि त्याची एकेक मूठ उघडून नखं बघू लागली.

"निळसर दिसतायत का?" तिने विचारलं.

लामिसी जवळ गेली. दहा नखं. मग ओठ, मग हिरड्या. "नाही. गुलाबी आहेत. तरी आजच डॉक्टरकडे न्या, रक्त तपासतील. आणि हे पाणी आता फक्त धुण्याभांड्याला."

डेल गाडीतून पाण्याचे कॅन एकेक करून आत आणत होता. सहावा कॅन ठेवल्यावर टेस म्हणाली, "बोअरचं होईल ना? तू म्हणाली होतीस त्या दिवशी, तारखेच्या आत झालं म्हणून. मी नवऱ्याला संध्याकाळी सांगितलंसुद्धा, सुटलो म्हणून."

"म्हणाले होते," लामिसी म्हणाली.

परतताना डेलने रेडिओ लावला नाही. दोन्ही बाजूंना मका गुडघाभर आला होता.

"तू काय करावंस ते मी सांगणार नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मी सांगितलं नसतं तर तू गाडीत बसून राहिली असतीस."

"मी हो म्हणाले, काका."

"म्हणालीस. पण सांगितलं मी." त्याने एक वळण घेतलं. "काल सही करून मोकळा झालो असतो तर तुझं बरं झालं असतं. रात्री बायकोने दोनदा तेच ऐकवलं. तुझ्या सहीला कोण विचारतंय, म्हणाली."

लामिसी बाहेर बघत होती. "तुम्ही केली असती," ती म्हणाली, "तर मग मला बाकीच्या दहांवरही विश्वास ठेवता आला नसता."

डेलने मान हलवली. चौकात समोरून ट्रॅक्टर येत होता. तो जाईपर्यंत डेल थांबून राहिला, रस्ता मोकळा झाल्यावरही थोडा वेळ तसाच.

शनिवार-रविवार लामिसी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाची आलेखांची पानं दुरुस्त करत बसली. रविवारी आईचा फोन आला. चर्चमध्ये कोणाचं लग्न झालं, पाऊस कसा आहे, शेजारणीची शेळी कुठे सापडली. लामिसीने सगळं ऐकलं. तू काय जेवलीस, या प्रश्नाला तिने खरं उत्तर दिलं.

सोमवारी नऊ वाजता व्हर्नाच्या टेबलावर दोन कागद होते. बाद केल्याचा फॉर्म, आणि लामिसीने सकाळी लिहून आणलेलं निवेदन. व्हर्नाने निवेदन वाचलं. सात ओळी होत्या.

"ब्रॉयल्स यांच्या विहिरीचा नमुना मी, लामिसी अयाम्गा, हिने ३१ मे रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी भरला. भरण्यापूर्वी नळ दहा मिनिटं सोडला होता. पाण्याचं तापमान १२.४ अंश सेल्सियसवर स्थिर झालं होतं. बाटली मी स्वतः बर्फाच्या पेटीत ठेवली आणि ११ वाजून ५८ मिनिटांनी प्रयोगशाळेच्या माणसाकडे सोपवली. मधल्या वेळात ती दुसऱ्या कोणाच्या हाती गेली नाही. त्या दिवशी मी काउंटीच्या नोकरीत नव्हते. माझी कामाची परवानगी ३ जूनपासून सुरू झाली."

"शेवटची ओळ लागत नाही," व्हर्ना म्हणाली. "सहावी पुरे आहे."

"तारीख ते शोधणारच. मग मीच लिहिलेली बरी."

"लामिसी, हा दुसरा कागदही इथेच आहे. बारा वाजेपर्यंत आहे."

"दिसतोय मला."

डेल दाराशी उभा होता. तो आत आला, निवेदन स्वतःकडे ओढलं आणि खाली मोठ्या, गिचमिड अक्षरात लिहिलं: मी तिला सांगितलं म्हणून तिने हे केलं. सांगायला नको होतं. नमुना नीट भरलेला आहे. त्याखाली त्याने सही केली, तारीख टाकली, घड्याळ बघून वेळही टाकली.

व्हर्नाने अकरा वाजून वीस मिनिटांनी यादी पाठवली. यादीत अकरा घरं होती. दुसरा कागद तिने खणात ठेवला नाही, फाडलाही नाही. तो दिवसभर टेबलाच्या कोपऱ्यावर होता आणि येणारं प्रत्येक माणूस त्याच्यावर काहीतरी ठेवत होतं.

बुधवारी योजनेच्या कचेरीतून विद्यापीठाला फोन गेला. नमुना भरणाऱ्या मुलीची एकतीस मे रोजी काय नेमणूक होती, एवढीच विचारपूस. दुपारी मार्सीने लामिसीला बोलावून घेतलं. या वेळी ती कुंड्यांपाशी नव्हती. लामिसी आत आल्यावर तिने दार लावलं आणि ती बसली नाही.

"आता मला कळलंय," मार्सी म्हणाली.

"हो."

"मी आज संध्याकाळी पाचपर्यंत थांबू शकते. त्याने काही फरक पडत नाही. तरी थांबते."

लामिसी पाच वाजेपर्यंत तिथेच बसली. मार्सीने तिला पाणी दिलं, कधी निघावं लागेल ते सांगितलं, तिच्या प्राध्यापकांना फोन लावून दिला. प्रबंधाचं लिखाण घरून करता येईल, असं ते म्हणाले. प्रयोग मात्र दोन राहिले होते, आणि ते यंत्र फक्त इथे होतं. फोन ठेवल्यावर दोघी एकाच पडद्याकडे बघत बसल्या. पाच वाजून दोन मिनिटांनी मार्सीने नोंद केली.

ऑफिसात लामिसीने किल्ली, ओळखपत्र आणि दोन थर्मामीटर परत केले. थर्मामीटरांपैकी एक शून्य पॉइंट दोनने जास्त दाखवतो, अशी चिठ्ठी तिने त्याला बांधली. टेसचा फोन आला होता. बाळाचं रक्त ठीक निघालं होतं. इतकं सांगून, बोअरवाले कधी येतील, असं टेसने विचारलं. डेलने सांगितलं, यादी मंजूर झालीय, उन्हाळा संपता संपता येतील. लामिसीबद्दल टेसला कोणी काही सांगितलं नाही.

विमानतळावर क्वाबेनाने पोचवलं. वाटेत त्याने एकही टोमणा मारला नाही. बॅगा उतरवताना तेवढा म्हणाला, "अर्धा किलो जास्त भरेल तुझी," आणि स्वतःच काट्यावर ठेवून पाहिली.

बावीस ऑक्टोबरला डेलचा मेसेज आला तेव्हा आयोवात सकाळचे नऊ वाजले होते आणि उत्तर घानातल्या बोल्गाटांगात दुपारचे दोन. लामिसी मुलींच्या शाळेत रसायनाच्या तासाला उभी होती. ती तिथे सप्टेंबरपासून बदली शिक्षिका होती. मुलींना प्रयोग लावून देऊन ती खिडकीपाशी आली आणि तिने फोन उघडला. डेलने शब्द काही लिहिले नव्हते. प्रयोगशाळेच्या अहवालाचा फोटो होता, थोडा तिरका, कडेला त्याचा अंगठा आलेला. तिने फोटो मोठा करून वरपासून वाचला.

ब्रॉयल्स. नवी बोअर. खोली २४४ फूट. नमुना घेण्यापूर्वी पाणी सोडलं, ४० मिनिटं. तापमान ११.२ अंश सेल्सियस. नमुना भरणारा, डी. के. नायट्रेट, ०.४ मिलिग्रॅम प्रति लिटर.